ऑफर आली, पण कंपनीच बुडाली तर?

स्टार्टअपमध्ये नोकरी धरावी का, हे विचारायला सोलापुरातली मुलं येतात तेव्हा बहुतेक वेळा आई किंवा वडील सोबत असतात. दोघांची भीती मात्र वेगवेगळी असते. घरच्यांना वाटतं, कंपनी बुडेल. मुलाला वाटतं, पुण्या-बंगळूरच्या पोरांपुढे आपला टिकाव लागणार नाही.

सागरचं (नाव बदललं आहे) तसंच होतं. इथल्याच कॉलेजातून इंजिनिअरिंग, वडील यंत्रमाग कामगार. कॅम्पसमधून निवड झाली नाही, म्हणून त्यानं कोर्सवर कोर्स केले. प्रमाणपत्रांची जाडजूड फाईल त्यानं टेबलावर ठेवली. मी विचारलं, "तू बनवलेलं काही कुणी रोज वापरतं का?" तो गप्प झाला.

नवा कोर्स थांबव आणि एक खरा माणूस शोध, एवढंच मी सांगितलं. त्याच्या मामांचा टॉवेलचा धंदा. ऑर्डरी काही व्हॉट्सॲपवर, काही वहीत. सागरनं त्यांच्यासाठी छोटं ॲप केलं. मामांच्या गोदामात रेंज धड नसते. बटण दाबलं, काही हललं नाही, म्हणून त्यांनी पुन्हा दाबलं. एकच ऑर्डर दोनदा नोंदली गेली आणि माल दोनदा बांधला गेला. मामा भडकले. मग सागरनं प्रत्येक ऑर्डरला फोनवरच एक वेगळा क्रमांक द्यायला सुरुवात केली. तोच क्रमांक सर्व्हरवर पुन्हा आला तर नवी नोंद होत नाही. ऑनलाइन पेमेंटमध्ये पैसे दोनदा कापले जाऊ नयेत म्हणून हीच युक्ती वापरतात. पुण्यातल्या नऊ जणांच्या स्टार्टअपनं मुलाखतीत जास्त वेळ याच गोष्टीवर विचारलं. त्यात मला नवल वाटलं नाही. एवढ्या लहान टीममध्ये काम आखून द्यायला कुणी नसतं, वापरणाऱ्याची अडचण स्वतःच ओळखावी लागते.

ऑफर आली साडेसहा लाखांची. घरात पेढे वाटून झाले. पत्र आम्ही तिघांनी ओळ न् ओळ वाचलं तेव्हा कळलं, त्यातले दोन लाख ईसॉपचे, म्हणजे कंपनीचे शेअर पुढे ठरलेल्या किमतीला घेण्याचा हक्क. आपल्याकडच्या नियमानुसार हा हक्क किमान एक वर्षानंतरच मिळतो. चार वर्षांत टप्प्याटप्प्यानं देण्याची पद्धत सर्रास आहे. अकराव्या महिन्यात नोकरी सुटली तर हातात काही नाही. शेअर घेताना पैसे भरावे लागतात, वर करही लागू शकतो, आणि कंपनी विकली जाईपर्यंत किंवा बाजारात येईपर्यंत गिऱ्हाईक मिळणं कठीण. म्हणून घरखर्चाच्या हिशेबात तो आकडा शून्यच धरायचा. उरले साडेचार लाख, महिना साडेसदतीस हजार, तेही कपातीआधी.

वडिलांनी विचारलं, "पीएफ तरी हाय का?" प्रश्न अगदी नेमका होता. पीएफची सक्ती साधारणपणे वीस किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी असते, इथं नऊच.

सागरनं कंपनीला मेल लिहिला. माझा कोड कोण तपासणार? सध्याच्या पैशांत किती महिने पगार निघतील? नोटीस पिरियड किती? अशानं ऑफर हातची जाईल, अशी त्याला धास्ती होती. माझं मत स्पष्ट आहे: असे प्रश्न सभ्यपणे विचारल्यावर जी कंपनी चिडते, तिथं नवख्यानं जाऊ नये. संस्थापकानं त्याच संध्याकाळी फोन केला. पैसे चौदा महिन्यांचे होते, आणि कोड तपासायला दहा वर्षं अनुभवाची एक सीनिअर डेव्हलपर होती. माझ्या लेखी हे दुसरं उत्तर पगारापेक्षा मोलाचं. तिच्या हाताखालचं एक वर्ष कंपनी बंद पडली तरी सागरकडेच राहणार.

वडील तयार झाले, पण अटीवर. पहिले सहा महिने घरी एक रुपयाही पाठवायचा नाही, तो स्वतःच्या नावावर साठवायचा. बहिणीची फी तोवर तेच भरणार.