व्हायरल ताप जाऊन महिना होत आला तरी दम लागतोय. दमा परत आला की नुसता अशक्तपणा?

तुमचा प्रश्न असा आहे: लहानपणी दमा होता, मधली बरीच वर्षं काही त्रास नव्हता. दिवाळीनंतर व्हायरल झालं, ताप उतरला, पण अजून दोन जिने चढले की धाप लागते आणि पहाटे खोकल्यानं जाग येते. एक्स-रे साफ आहे, बोटाला लावायच्या मशीनवर ऑक्सिजन ९८ दिसतोय. घरचे म्हणतात अशक्तपणा आहे. निळा पंप ओढला की तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण त्याची सवय लागेल अशी भीती वाटते.

मी कोल्हापुरातच औषधाच्या दुकानात बसते. फार्मासिस्ट आहे आणि दमा मलाही आहे. डॉक्टर नाही, त्यामुळे डोस सांगणार नाही. पण दर हिवाळ्यात हाच प्रश्न काउंटरवर रोज येतो, आणि बहुतेकांच्या बाबतीत उत्तर 'थोडं हे, थोडं ते' असंच निघतं. दम्याला औषध लागतं, अशक्तपणाला हळूहळू वाढवलेलं चालणं. गल्लत झाली की दमा असलेला माणूस च्यवनप्राश खात बसतो आणि नुसता अशक्तपणा असलेला पंपावर पंप ओढतो. दोघांनाही फरक पडत नाही.

ओळखायचं कसं? श्वास सोडताना छातीत शिट्टी वाजते का, पहाटे तीन-चारला खोकला येतो का, उदबत्तीचा धूर, फोडणीचा ठसका, थंड वारं यांनी त्रास वाढतो का, आणि पंप घेतल्यावर पंधरा-वीस मिनिटांत छाती मोकळी होते का, ते बघा. याची उत्तरं 'हो' येत असतील तर श्वासनळ्या अजून सुजलेल्या आहेत. उलट दम फक्त श्रमानंतर लागतो, छातीआधी पायच थकतात, पंपानं काडीचा फरक पडत नाही, सारखे उसासे येतात, श्वास पुरता आत गेल्यासारखा वाटत नाही, कधी बोटांना मुंग्या येतात, असं असेल तर ते आजारपणानं गेलेली ताकद आणि बिघडलेली श्वासाची लय याचं लक्षण. तुमची पहाटेची जाग आणि पंपानं मिळणारा आराम बघता मला तरी सूज शिल्लक आहे असं वाटतं.

ऑक्सिजन ९८ आहे म्हणून दमा नाही, हे मात्र डोक्यातून काढा. दम्यात ऑक्सिजन उशिरा घसरतो, तोवर शरीर जोर लावून सांभाळून घेत असतं. दम्यात एक्स-रेही बहुधा साफच येतो. खरं चित्र स्पायरोमेट्रीत दिसतं: नळीत जोरात फुंकायचं, मग पंप घेऊन परत फुंकायचं. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा पंपानंतर १२ टक्के आणि २०० मिली इतकी वाढली, तर दम्याच्या बाजूनं भक्कम पुरावा मिळतो. छातीच्या डॉक्टरांना ही तपासणी हवी का, असं स्वतःहून विचारा. घरी ठेवायला पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकेचा जोर मोजणारी छोटी नळी, मिळतो. सकाळ-संध्याकाळ तीनदा फुंकायचं आणि सगळ्यात मोठा आकडा वहीत लिहायचा. चांगल्या दिवसातल्या स्वतःच्या आकड्याच्या ८० टक्क्यांवर असाल तर ठीक, ५० ते ८० म्हणजे सावध व्हायचं, ५० च्या खाली गेलं तर दवाखाना.

व्हायरल बरं होऊनही हे का रेंगाळतं? विषाणू श्वासनळीचं आतलं अस्तर खरवडून जातो. ते भरून येईपर्यंत नळ्या हुळहुळ्या राहतात, एरवी जाणवणार नाही एवढ्या धुरानंही आवळतात. दमा नसलेल्यांचाही असा खोकला तीन ते आठ आठवडे चालतो. ज्यांना लहानपणी दमा होता त्यांचा झोपलेला दमा अशा वेळी जागा होतो. साध्या सर्दीचा ऱ्हायनोव्हायरससुद्धा त्याला पुरतो. त्यात आपल्याकडे नेमका तोच काळ गळीत हंगामाचा. फडात पाचट पेटवलं की गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी काजळी येऊन पडते, ती तुम्हीही झटकली असेल. पडलेली दिसते ती जाड काजळी, त्याहून बारीक न दिसणारी छातीत जाते. थंडीत पहाटे धूर आणि धूळ जमिनीलगत साचून राहते. म्हणून रंकाळ्यावर फिरायला जायचं तर पहाटे पाचचा हट्ट सोडा, ऊन वर आल्यावर जा. उन्हाळ्यात मिरची कांडप सुरू झालं की त्या गल्लीतून जायचं नाही. आणि चैत्रात जोतिबाला जाणार असाल तर गुलालाच्या गर्दीपासून लांबूनच दर्शन घ्या, देव समजून घेईल.

आता पंपाचं. निळा पंप, म्हणजे साल्ब्युटामॉल, आवळलेला स्नायू चार-सहा तास सैल करतो. सुजेला तो हातही लावत नाही. सूज उतरवतो तो दुसरा पंप, बुडेसोनाईडसारख्या स्टिरॉईडचा, आणि त्याचा परिणाम दिसायला काही दिवस ते आठवडे जातात. लोक नेमका हाच पंप 'काही वाटत नाही' म्हणून बंद करतात आणि निळा वाढवतात. २०१९ पासून दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांतही हेच सांगतात की मोठ्या माणसांचा दमा नुसत्या निळ्या पंपावर चालवू नये. एका पंपात साधारण २०० फवारे असतात. वर्षाला तीन किंवा जास्त निळे पंप लागत असतील तर मोठा अटॅक येण्याचा धोका वाढतो. असं गिऱ्हाईक आलं की मी पंप देते आणि डॉक्टरांची चिठ्ठी कधीची आहे तेही विचारते. काहींना राग येतो, येऊ दे. पंपाची सवय लागत नाही. पण निळ्याची गरज वाढत चालली, तर तो आतली सूज वाढल्याचा निरोप असतो.

स्टिरॉईड म्हटलं की घरात सगळे दचकतात, म्हणून हिशेब सांगते. अटॅकमध्ये पोटातून गोळी देतात ती बहुधा दिवसाला ४० मिलिग्रॅम. पंपातून दिवसाला ४०० मायक्रोग्रॅम गेलं तरी ते होतं ०.४ मिलिग्रॅम, शंभरावा भाग, आणि तोही जागेवर. घेतल्यावर खळखळून चूळ भरायची, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते आणि आवाज बसतो. बुडेसोनाईड-फॉर्मोटेरॉलचा एकत्र पंप (एक औषध सूज उतरवणारं, दुसरं नळ्या सैल करणारं) काही डॉक्टर रोजचा आणि लागेल तेव्हाचा म्हणून एकच देतात. तसं चिठ्ठीत लिहिलं असेल तरच करा, कारण एकत्र मिळणारे सगळे पंप तसे वापरता येत नाहीत.

माझ्या मते निम्मं काम मात्र घेण्याच्या पद्धतीत आहे. काउंटरवर मी म्हणते, 'काका, एकदा करून दाखवा बघू.' काका पंप न हलवताच तोंडात धरतात, दाबतात आणि मग श्वास ओढतात. तोवर निम्मं औषध ओठांच्या कडेनं पांढऱ्या वाफेसारखं बाहेर येतं, उरलेलं टाळ्यावर बसतं. स्पेसर घ्या, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायची प्लॅस्टिकची पोकळ नळी. पंप हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, स्पेसर तोंडात, एक फवारा, सावकाश खोल श्वास, मग दहा सेकंद रोखायचा. दुसरा फवारा वेगळा, दोन एकदम नाहीत. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच निथळत ठेवायचा. फडक्यानं पुसला की आत स्थिर वीज तयार होते आणि औषध प्लॅस्टिकला चिकटतं. कॅप्सूलवालं मशीन असेल तर उलटं, जोरात आणि पटकन ओढायचं, आणि आत फुंकायचं नाही, पावडर दमट होते. कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारेही भेटतात.

अशक्तपणाच्या बाजूला घाई नको. सपाटीवर, बोलता येईल एवढ्या वेगानं चाला. दुसऱ्या दिवशी अंग गळून गेलं नाही तर थोडं वाढवा, गळालं तर कमी करा. जिना चढताना पायरीवर जोर लावताना ओठ चंबू करून श्वास सोडायचा, मध्ये थांबायची लाज नाही. छातीत दुखणं, धडधड, एकाच पायाला सूज, थुंकीतून रक्त, वजन उतरणं यातलं काही असेल तर हे सगळं बाजूला ठेवून आधी तपासून घ्या, हृदय आणि फुप्फुसातली गुठळी बघावी लागते. खोकला दोन आठवड्यांवर गेलाच आहे, तर थुंकीची टीबीची तपासणीही करून टाका, सरकारी दवाखान्यात मोफत होते.

एक वाक्य सलग बोलता येत नाही, ओठ निळसर, पंपाचा आराम चार तासही टिकत नाही, किंवा आधी घरघर होती आणि आता छाती गप्प पण दम तसाच, असं झालं तर थांबायचं नाही. १०८ ला फोन, सरळ बसायचं, आणि गाडी येईपर्यंत स्पेसरमधून निळा पंप, एकेक फवारा.

बाकी किरकोळ. अंगदुखीला ब्रुफेन, डायक्लोफिनॅक मनानं घेऊ नका, काही दमेकऱ्यांना त्यानं अटॅक येतो. पॅरासिटामॉल बहुतेकांना चालतं. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, मागितलंत तरी मी देत नाही. पांढऱ्या रश्श्यानं नाक मोकळं होतं, छाती नाही, पण प्यायला हरकत नाही, फक्त रात्री उशिरा नको, आंबट वर आलं की खोकला वाढतो.

डॉक्टरांकडे जाताना पंप, वही आणि डोळ्यांत घालायचे थेंब असतील तर तेही न्या, काचबिंदूच्या काही थेंबांनी दमा उसळतो. आत गेल्यावर त्यांच्यासमोर एक फवारा घेऊन दाखवा.