हेलाबद्दल आणि नोकरीबद्दल

प्रिय,

तुझं पत्र मिळालं. नाट्यशाळेच्या प्रवेशपरीक्षेची धास्ती समजू शकतो. पण ‘आधी बोलण्यातला वऱ्हाडी हेल घालवते, मग फॉर्म भरते’ हे काही मला पटलं नाही, आणि बँकेतली नोकरी सोडायची घाईही. इंग्लिश नट पॅट्रिक स्टुअर्ट तुला ‘एक्स-मेन’मधला चाकाच्या खुर्चीतला टकल्या प्रोफेसर म्हणून ठाऊक आहे. मला त्याची त्याआधीची वर्षं तुझ्या जास्त कामाची वाटतात.

जन्म १९४० चा, उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या मिरफील्ड गावातला. आई कापडगिरणीत कामाला. वडील पॅराशूट रेजिमेंटमध्ये सार्जंट मेजर; युद्ध संपवून घरी आले ते दारू आणि मारहाण घेऊनच. शाळेत सेसिल डॉर्मंड नावाचे इंग्रजीचे मास्तर होते. त्यांनी एकदा पोरांच्या हाती शेक्सपिअरचं ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ दिलं, त्यातला सावकार शायलॉक ह्याच्या वाट्याला आला. पोरं माना खाली घालून मनातल्या मनात वाचू लागली, तेव्हा मास्तर खेकसले, मोठ्यानं वाचा! आता डोळ्यांपुढे आण : गिरणगावातला पोरगा, अर्ध्या शब्दांचा अर्थ कळत नाही, आणि गावच्याच हेलात खणखणीत शेक्सपिअर वाचतोय. उच्चार दुरुस्त होईपर्यंत मास्तरांनी त्याला थांबवून ठेवलं नाही.

उच्चार त्यानं पुढे कमावले. रूथ विन ओवेन ह्या बाईंनी लहानपणीच त्याच्या आवाजावर मेहनत घेतली, नंतर ब्रिस्टल ओल्ड विक थिएटर स्कूलमध्ये ते काम पुढे चाललं. रंगमंचावर प्रमाण इंग्रजी, घरी आला की पुन्हा यॉर्कशरचं बोलणं. एकासाठी दुसरं टाकावं लागलं नाही. तूही प्रमाण मराठी शीक, ती लागतेच. पण ‘मी येऊन राहिली’ म्हणणारी तुझी आजी ज्या ठेक्यात बोलते, तो ठेका पुण्या-मुंबईच्या निम्म्या नटांना पैसे मोजूनही जमत नाही. (आणि जे जमवतात, ते ऐकवत नाहीत.)

आता नोकरीचं. स्टुअर्ट पंधराव्या वर्षी शाळा सोडून गावच्या वर्तमानपत्रात बातमीदार झाला. संध्याकाळी सभा असायच्या आणि हौशी नाटकांच्या तालमीही. सभेच्या बातम्या तो दुसऱ्याला विचारून लिहायचा, कधी चक्क रचायचा. व्हायचं तेच झालं. नाटक सोड नाहीतर नोकरी, असं संपादकांनी बजावलं आणि ह्यानं नोकरी सोडली. पुढे फर्निचरच्या दुकानात विक्रेता होऊन पैसे साठवले आणि १९५७ मध्ये ब्रिस्टल गाठलं.

हा प्रसंग मुलाखतींतून रंगवून सांगितला जातो. तुझ्यासारखी पोरं तो ऐकतात आणि दुसऱ्या दिवशी राजीनाम्याचा मसुदा मला पाठवतात! त्यातली एक गोष्ट कुणी ठळक करत नाही : त्याच्या शिक्षणाचा खर्च यॉर्कशरमधल्या वेस्ट रायडिंगच्या काउंटी कौन्सिलनं, म्हणजे तिथल्या जिल्हा परिषदेनं, उचलला होता. खाणकामगाराचा मुलगा, पुढे नट झालेला ब्रायन ब्लेस्ड, तोही अशाच अनुदानावर ब्रिस्टलच्या त्याच नाट्यशाळेत शिकला. ती पिढी नुसत्या हिमतीवर वर आली नाही, सरकारी अनुदानावरही आली. नाट्यशाळा सोडताना तिथले प्राचार्य डंकन रॉस यांनी स्टुअर्टला सांगितलं होतं की अपयशाचा विमा उतरवून यश मिळत नसतं. भूमिकेपुरतं मला हे शंभर टक्के मान्य आहे. तालमीत तू हातचं राखतेस, पडायला घाबरतेस, हे मी पाहिलंय. पण घरभाड्याला हा नियम लावू नकोस. तुझी फी कुठलीही जिल्हा परिषद भरणार नाही. शिष्यवृत्तीचं पत्र हाती येईपर्यंत बँकेतली खुर्ची सोडायची नाही.

शिकून बाहेर पडल्यावर काय? १९५९ मध्ये इंग्लंडमधल्या लिंकन शहरातल्या थिएटर रॉयलमध्ये तो लागला, तो सहायक रंगमंच व्यवस्थापक म्हणून. म्हणजे प्रॉपर्टी मांडायची, संहिता धरून विंगेत बसायचं आणि मधूनच चार वाक्यांची भूमिका. रेपर्टरी कंपन्यांत, म्हणजे एकाच संचात एकामागून एक नाटकं करणाऱ्या मंडळींत, सकाळी पुढच्या नाटकाची तालीम आणि रात्री चालू नाटकाचा प्रयोग असा रगाडा असे. एकोणिसाव्या वर्षीच डोक्यावरचे केस गेले, तर हा ऑडिशनला टोप घेऊन जायचा आणि दोन्ही रूपांत काम करून दाखवायचा. एका पगारात दोन नट! रॉयल शेक्सपिअर कंपनीत शिरायला १९६६ उजाडलं. ‘स्टार ट्रेक’ची नवी टीव्ही मालिका त्याच्या वाट्याला आली १९८७ मध्ये, सत्तेचाळिसाव्या वर्षी. तीही फार चालणार नाही म्हणून पहिले काही आठवडे त्यानं बॅगाच उघडल्या नव्हत्या.

तेव्हा फॉर्म ह्याच वर्षी भर. दोन स्वगतं बसव : एक प्रमाण भाषेतलं, एक तुझ्या बोलीतलं. उभं राहून, मोठ्यानं. मोबाइलवर पुटपुटलेलं मला पाठवू नकोस. विंगेत काम करायची तयारी असेल तर आमच्या नव्या नाटकाला प्रॉम्प्टर हवाच आहे, तालमी संध्याकाळी सातनंतर असतात, बँक सुटल्यावर पोचशील. पैसे मिळणार नाहीत, चहा मिळेल. शनिवारपर्यंत कळव, नाहीतर मी दुसऱ्या कुणाला तरी विचारतो.