नवा बॅकअप पॉइंट गार्ड कसा आहे, हे पहिल्या आठ-दहा सामन्यांवरून ठरवता येतं का?

तुमच्या आवडत्या एनबीए (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) संघाने ट्रेड करून, म्हणजे दुसऱ्या संघाशी अदलाबदल करून, बॅकअप पॉइंट गार्ड (मुख्य गार्ड बाकावर असताना बॉल चालवणारा) आणला, आठ सामने झाले, त्याचे शॉट पडत नाहीयेत आणि 'ट्रेड फसला' अशी ओरड सुरू झाली आहे. ती खरी मानायची का, असं तुम्ही विचारलंय.

शॉट पडले की नाही, यावरून आठ सामन्यांत काहीही ठरत नाही. साधा हिशेब करा. बॅकअप गार्ड सामन्यात तीन-चार थ्री (लांबून मारायचे तीन गुणांचे शॉट) मारून बघतो, म्हणजे आठ सामन्यांत जेमतेम तीस. त्यातले दहा पडले तर तेहतीस टक्के, लोक नावं ठेवणार. बारा पडले तर चाळीस टक्के, लोक डोक्यावर घेणार. दोन शॉट रिंगला लागून आत गेले की बाहेर आले, एवढाच फरक. गार्ड डेरिक व्हाइट फेब्रुवारी २०२२ मध्ये सॅन अँटोनियोहून बॉस्टनला आला, तेव्हा उरलेल्या सीझनमध्ये त्याचे थ्री जेमतेम तीस टक्के पडले. पण तो बचावात कुठे चुकत नव्हता, आणि बॉल हातात आला की अडवून धरत नव्हता; लगेच पास, नाहीतर लगेच आत घुसणं. दोन वर्षांनी तोच जवळजवळ चाळीस टक्क्यांनी थ्री मारत होता आणि बॉस्टनने २०२४ चं विजेतेपद पटकावलं. शॉट नंतर आला. बाकीचं सगळं पहिल्या महिन्यातच दिसत होतं.

पण खेळाडू चांगला आहे की वाईट, एवढ्यावर हा प्रश्न संपत नाही. यासाठी मला गार्ड डेनिस श्रोडरचा २०२४-२५ चा सीझन सगळ्यात बोलका वाटतो. ब्रुकलिनमध्ये तो सरासरी अठराच्या वर गुण आणि साडेसहा असिस्ट (सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास) करत होता. डिसेंबरात गोल्डन स्टेटने त्याला घेतलं. पहिलाच सामना मेम्फिसशी, संघ १४४-९३ असा हरला. पुढेही घडी बसलीच नाही. तिथे त्याचे चाळीस टक्केसुद्धा शॉट पडले नाहीत. फेब्रुवारीत जिमी बटलरच्या मोठ्या ट्रेडमध्ये गोल्डन स्टेटने त्याला सोडलं आणि तो युटामार्गे डेट्रॉइटला पोहोचला.

डेट्रॉइटमध्ये तो लोकांचा लाडका झाला. आता गंमत बघा, त्याच्या गुणांची सरासरी गोल्डन स्टेट आणि डेट्रॉइट दोन्हीकडे दहा आणि अकराच्या मध्येच होती! मग बदललं काय? काम. तेव्हा गोल्डन स्टेटचा कोच असलेल्या स्टीव्ह करच्या पद्धतीत बॉल एका हातात थांबत नाही. संघाचा स्टार स्टेफ करी बॉलशिवाय धावत राहतो, पास द्या, कट मारा (झटकन बास्केटकडे धावा), स्क्रीन लावा (सहकाऱ्याच्या बचावपटूच्या वाटेत उभे राहा), पुन्हा धावा. श्रोडर वर्षानुवर्षं बॉल हातात घेऊन पिक-अँड-रोल (सहकाऱ्याने स्क्रीन लावून मग बास्केटकडे वळायचं, ही दोघांची चाल) खेळलेला माणूस. डेट्रॉइटमध्ये गार्ड जेडन आयव्हीचा पाय १ जानेवारीला मोडला होता आणि सगळा भार मुख्य गार्ड केड कनिंगहॅमवर आला होता. केड बाकावर बसला की बॉल सांभाळणारा आणि केड खेळत असताना त्याला थोडी उसंत देणारा, असा माणूस त्यांना हवा होता. श्रोडरला नेमकं तेच येत होतं. प्लेऑफमध्ये (सीझननंतरच्या विजेतेपदाच्या फेऱ्यांत) न्यूयॉर्कविरुद्ध दुसऱ्या सामन्यात, मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, मिनिटभर उरलेलं असताना बरोबरी फोडणारा थ्री त्यानेच मारला. डेट्रॉइट १००-९४ ने जिंकलं. २००८ नंतरचा त्यांचा तो पहिला प्लेऑफ विजय, मधले पंधरा सामने सलग हरले होते. तो थ्री बघताना मी खुर्चीत बसू शकलो नाही.

म्हणून तुमच्या खेळाडूकडे बघताना आधी हे विचारा की कोचने त्याला नेमकं कशासाठी आणलंय. बॉल चालवायला, की कोपऱ्यात उभं राहून शॉट मारायला, की समोरच्या गार्डला दमवायला? वेगळ्याच कामाला जुंपलं असेल तर आकडे वाईटच दिसणार, आणि तो दोष निम्मा तरी कोचचा.

प्लस-मायनसच्या (खेळाडू मैदानात असताना दोन संघांच्या गुणांत पडलेला फरक) फार नादी लागू नका. तो मैदानात असताना समोरच्यांनी चार अवघड थ्री टाकले, तरी त्याच्या नावावर उणे बारा लागतात.

मी स्वतः पहिल्या महिन्यात शॉट क्लॉक (शॉट मारायला मिळणाऱ्या चोवीस सेकंदांचं घड्याळ) बघतो. बॉल अर्धी कोर्ट ओलांडून पहिला डाव सुरू होतो, तेव्हा घड्याळात किती सेकंद उरलेत? अठरा-एकोणीस असतील तर त्याला माहितीये काय करायचंय. तेरा-चौदावर येऊनही तो हात वर करून सगळ्यांना जागा दाखवत असेल, तर सेट (संघाच्या ठरलेल्या चाली) अजून पाठ झालेले नाहीत. फेब्रुवारीच्या ट्रेडनंतर हे अगदी स्वाभाविक आहे, कारण सामने एकामागून एक असतात आणि सरावाला वेळच मिळत नाही. हे आठवड्या-आठवड्याला सुधारायला हवं. दुसरं म्हणजे सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) स्क्रीन लावायला आल्यावर तो एक क्षण थांबतो की स्क्रीन नीट लागायच्या आधीच सुटतो. आधी सुटला तर त्याचा बचावपटू सहज मागे येतो आणि सेंटरला पास देण्याची फटच उरत नाही. नव्या सेंटरची चाल ओळखायला वेळ लागतो, पण दहाव्या सामन्यातही असंच चाललं असेल तर मला काळजी वाटते. टर्नओव्हरही (समोरच्या संघाकडे बॉल गमावणं) सगळे सारखे नसतात. सेंटर डावीकडे जाईल म्हणून पास दिला आणि तो उजवीकडे गेला, ही अनोळखीपणाची चूक, ती जाते. दोघांनी कोर्टभर मागे लागून घेरल्यावर ड्रिबल थांबवून हातातला बॉल गमावणं, हे मात्र अंगातलं असतं आणि प्लेऑफमध्ये समोरचा संघ ते हेरून पुन्हा पुन्हा करवतो.

पुढचा सामना बघाल तेव्हा दुसऱ्या क्वार्टरची पहिली पाच मिनिटं, मुख्य गार्ड बाकावर असताना, फक्त त्याच्याकडे बघा. बॉल गेला तरी नजर हलवू नका. आणि सामना अटीतटीचा झाला तर शेवटच्या चार मिनिटांत कोच त्याला ठेवतो का, तेही बघा. कोचने सराव बघितलेला असतो, आपण नाही.