आधी घोळक्यात चालवायला शीक

बाळा,

तुझा मेसेज वाचला. पायांची ताकद वॅट्समध्ये मोजणाऱ्या पॉवर मीटरचे आकडे झकास, अंजनेरीपर्यंतची वेळ झकास, तरी शर्यतीत शेवटच्या वीस किलोमीटरला मागे पडतोस. म्हणून विचारतोस, सायकल सोडून इंजिनिअरिंगला मन लावू, की रॅमसारख्या, म्हणजे अमेरिका आरपार कापायच्या शर्यतीसारख्या, लांब पल्ल्याकडे वळू?

तुझ्या पायांत काही कमी नाही. तुला घोळक्यात चालवता येत नाही. राग आला तर येऊ दे.

रविवारी मी तुझ्या मागेच होतो. महिरावणीच्या पुढे उजवीकडून वारा सुटला. बाकीची पोरं तिरकी सरकत एकमेकांच्या आडोशाला गेली आणि तू एकटा उजव्या कडेला वारा अंगावर घेत राहिलास. पुढच्यापासून सायकलभर लांब, नजर त्याच्या टायरवर खिळलेली. टायर काय बघतोस? त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघ आणि हातभर अंतरात घुस. चाळीसच्या वेगाला निम्म्याहून जास्त ताकद हवा कापण्यात जाते. पुढच्याच्या मागे नीट बसलास तर साधारण तिसरा हिस्सा वाचतो. तू तो रोज रस्त्यावर सांडतोस आणि शेवटी पाय रिकामे झाले म्हणून रडतोस.

नाशकात वाढलास, म्हणून एकट्याच्या पराक्रमाचं वेड असणारच. आपल्या महाजन बंधूंनी २०१५ मध्ये दोघांच्या संघात रॅम पूर्ण केली. २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथांनी ती एकट्याने पुरी केली. जवळपास ४८०० किलोमीटर! मान झुकते. पण तिथे दुसऱ्या स्पर्धकाच्या आडोशाने चालवणं नियमातच बसत नाही. तो मार्ग वेगळा. तुला प्रो व्हायचंय ना? मग घोळक्यात चालवायला शीक.

प्रोचं काम म्हणजे काय, हे तरी पाहिलंस का? टूर द फ्रान्समध्ये एका संघात आठ जण. जिंकायचं असतं एखाद्याला. बाकीचे मागून येणाऱ्या संघाच्या गाडीपाशी जातात, जर्सीत बाटल्या कोंबून पुन्हा पुढे येतात, वाऱ्यात तोंड घालून त्याला आडोसा देतात. खालच्या कॉन्टिनेंटल संघांत तर कित्येकांना धड पगारही नसतो. ज्याला घोळक्यातून वाट काढता येत नाही, त्याचे वॅट्स घेऊन संघ काय करणार?

सायकलपटू बिनियाम गिरमाय आफ्रिकेतल्या एरिट्रियाचा. त्याच्या अस्मारात रस्त्यावरच्या शर्यती म्हणजे जत्रा. तो त्या गर्दीत घडला, मग स्वित्झर्लंडला एग्लच्या जागतिक सायकलिंग केंद्रात शिकला आणि २०२४ च्या टूरमध्ये तीन टप्पे जिंकून सर्वाधिक गुणांची हिरवी जर्सी घेऊन आला. तेही घोळक्याच्या धुमश्चक्रीत, कोपराला कोपर घासत.

माझ्या वेळी नाशकात घोळकाच नव्हता. मुंबई-पुणे शर्यतीत 'घाटाचा राजा' व्हायचं, एवढंच डोक्यात. कसाऱ्याचा घाट एकट्याने चढून चढून पाय लोखंडाचे केले. पण पुण्या-सांगलीची पोरं लहानपणापासून एकमेकांना खेटून चालवलेली, त्यांच्यात मला शिरताच येईना. ती खंत अजून आहे. लोक म्हणतात, तेव्हाच पुण्याला जायला हवं होतंस. वडील अंथरुणाला खिळलेले होते, मी गेलो नाही, आणि आजही गेलो नसतो. पण म्हणूनच मी पोरांना मैदानात गवतावर खांद्याला खांदा लावून, धक्के देत चालवायला लावतो, चालत्या सायकलवरून खालची बाटली उचलायला लावतो. पालक विचारतात, हा काय पोरखेळ? विचारू देत. मी हे बंद करणार नाही.

तुझ्यात दम आहे, म्हणून एवढं बोलतोय. नसता तर 'छान चाललंय' लिहून मोकळा झालो असतो.

हँडलवरचे एअरोबार, ते कोपरं टेकवून पुढे झुकायचे दांडे, काढून टाक. रस्त्यावरच्या सामूहिक शर्यतीत ते चालतही नाहीत. रविवारी साडेपाचला ये आणि परत येईपर्यंत एकदाही पुढे सुटायचं नाही. कुणाच्या तरी मागे बसायचं, आपली पाळी आली की अर्धा मिनिट पुढे खेचायचं, कोपर हलवून बाजूला व्हायचं, पुन्हा मागे. कंटाळा येईल. येऊ दे. चार महिने एवढंच कर. इंजिनिअरिंगची सीट तोवर सोडू नकोस, आणि त्याबद्दल मला आत्ता विचारूही नकोस.

तुझा,
सर