नराऱ्याचा किनारा आणि कच्छचे छोटे रण : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : डिसेंबरमध्ये आम्ही काही कुटुंबे मिळून जामनगरजवळचा नराऱ्याचा किनारा पाहायला जाणार आहोत. ओळखीचे एक गृहस्थ मागे तिथे जाऊन नुसते पाणी पाहून परतले. तसे होऊ नये म्हणून काय करावे? (एक वाचिका, दांडिया बाजार)

उत्तर : ते गृहस्थ बहुधा भरतीच्या वेळी पोहोचले असावेत. वाडीनारजवळच्या नराऱ्याला जे पाहायचे ते पाण्याखालचे प्रवाळांचे पठार आहे, आणि ते ओहोटीलाच उघडे पडते. म्हणून आधी ओहोटीची वेळ पाहावी आणि मग गाडीचे तिकीट काढावे. अमावास्या आणि पौर्णिमा, तसेच त्यांच्यानंतरचे एकदोन दिवस सर्वांत चांगले, कारण तेव्हा पाणी सर्वाधिक मागे हटते. अष्टमीच्या आसपास गेल्यास निम्मे पठार पाण्याखालीच राहते. ओहोटी दिवसातून दोनदा येते आणि तिची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. तिथीच्या आकड्याच्या पाऊणपट वाजता भरती, हा हिशेब आपल्यापैकी कोकणातून आलेल्या घरांत अजून पाठ असेल, पण तो इथे लावू नये. कच्छच्या आखातात भरती ओख्याच्या बाजूने शिरते, पूर्वेकडे नवलखीला पोहोचेपर्यंत तिला वेळ लागतो आणि आखात अरुंद होत गेल्याने वाटेत तिची उंचीही वाढते. जामनगरच्या बाजूचे छापील भरती-ओहोटीचे कोष्टक पाहणे हाच खरा उपाय आहे.

पाणी सर्वांत खाली जाण्यापूर्वी तासदीड तास आधी पोहोचावे आणि वन खात्याची परवानगी व स्थानिक मार्गदर्शक घेऊनच आत चालावे. पायात बंदाचे जुने बूट असावेत, कारण प्रवाळाचा दगड धारदार असतो आणि हवाई चप्पल चिखलात रुतून तिथेच राहते. मार्गदर्शकाने वळा म्हटले की फोटो अर्धवट टाकून वळावे, कारण अशा सपाट पठारावर परतीचे पाणी आधी मागच्या घळींत भरते आणि समोर पाहत उभ्या असलेल्या माणसाच्या ते ध्यानातही येत नाही.

प्रश्न : पाणी निघून गेल्यावर खडकावरचे प्राणी मरत का नाहीत? (इयत्ता सातवीतील विद्यार्थिनी, मांजलपूर)

उत्तर : तुझा प्रश्न साधा वाटला तरी किनाऱ्यावरच्या सगळ्या जीवनाचे मर्म त्यात आहे. ओहोटीच्या काही तासांत या प्राण्यांवर ऊन, कोरडेपणा, पक्ष्यांच्या चोची आणि मधूनच पावसाचे गोडे पाणी अशी सगळी संकटे एकदम येतात. प्रत्येकाने त्यावर आपापला तोडगा काढला आहे. खडकावर पांढरे, खरखरीत, टोकाला तोंड असलेले जे लहान सुळके दिसतात ते बार्नेकल नावाचे प्राणी. ते आपल्या तोंडावरच्या झडपा घट्ट मिटून थोडेसे पाणी आत कोंडून ठेवतात. टोपीच्या आकाराची लिंपेट नावाची गोगलगाय खडकाला इतकी चिकटून बसते की बोटाने हलत नाही. भरतीला ती शेवाळ खरवडत फिरते, आणि तिच्या कित्येक जाती फिरून पुन्हा स्वतःच्याच जागी येऊन बसतात. त्या जागी शिंपल्याची कड आणि खडक एकमेकांना नेमके जुळलेले असतात, त्यामुळे आतला ओलावा सहसा सुटत नाही. समुद्रफूल आपले स्पर्शक आत ओढून घेऊन नुसता ओला गोळा होते. उघडे पडलेले प्रवाळ अंगावर चिकट बुळबुळीत थर सोडतात. निवटा हा मासा मात्र पाण्याची वाटच पाहत नाही. तो ओल्या कातडीतूनही प्राणवायू घेतो आणि तिवरांच्या मुळांजवळच्या चिखलात उड्या मारत फिरतो.

डबक्यात अडकलेल्यांचे हालही कमी नसतात, कारण उन्हाने पाणी तापते, आटत जाऊन अधिक खारट होते आणि त्यातला प्राणवायू घटतो. अशा डबक्याजवळ पाच मिनिटे न हलता बसून पाहा. सावली पडली की सगळे लपतात. मग एखादा खेकडा बाहेर येतो, आणि जो डागाळलेला दगड वाटला होता तो आठ हात आवरून, रंग पालटून दुसऱ्या कपारीत जाणारा ऑक्टोपस निघतो. दगड उलटून पाहिलास तर तो होता तसाच परत ठेव. खालच्या बाजूला राहणाऱ्या सर्पतारका आणि शंखांची अंडी उन्हात उघडी राहिली तर तासाभरात संपतात.

प्रश्न : मेलेले शंख आणि प्रवाळाचे तुकडे आणले तर काय बिघडते? (एक वाचक, रावपुरा)

उत्तर : कायद्याने बिघडते. नराऱ्याचा किनारा राष्ट्रीय उद्यानात येतो, तिथून काहीही उचलता येत नाही, आणि प्रवाळ व समुद्रकाकडी यांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टाचे संरक्षण आहे. शिवाय रिकामा शंख बहुतेक वेळा रिकामा नसतो. त्यात एखादा शंखखेकडा बिऱ्हाड करून असतो.

प्रश्न : सयाजीराव महाराजांच्या काळात या किनाऱ्यावरच्या जीवांचा अभ्यास झाला होता, असे आमचे वडील सांगत. त्यात तथ्य आहे का? (एक ज्येष्ठ वाचक, प्रतापनगर)

उत्तर : आहे. द्वारका आणि ओखा ज्यात येतात ते ओखामंडळ बडोदे संस्थानचा मुलूख होते. जेम्स हॉर्नेल या सागरी जीवशास्त्रज्ञाने 1905-06 मध्ये तिथे नमुने गोळा केले, आणि त्यांच्या आधारे बडोदे सरकारसाठी तयार झालेला अहवाल 1909 व 1916 अशा दोन भागांत प्रसिद्ध झाला. त्यात निरनिराळ्या प्राणिगटांवर त्या त्या विषयाच्या तज्ज्ञांनी लिहिले आहे. आखातातले सागरी अभयारण्य 1980 चे आणि राष्ट्रीय उद्यान 1982 चे. म्हणजे संरक्षणाचा विचार होण्याच्या सत्तर वर्षे आधीची ही नोंद आहे. आज कोणती जात टिकली आणि कोणती विरळ झाली हे ताडून पाहायला तिच्यासारखा जुना आधार मिळणे कठीण. वडोदरेकरांना लक्ष्मी विलास राजवाड्याइतकाच या अहवालाचाही अभिमान वाटायला हवा, असे आमचे मत आहे.

प्रश्न : छोट्या रणात गेलो, पण वाळूची टेकडी एकही दिसली नाही. मग त्याला वाळवंट का म्हणावे? (एक वाचक, वाडी)

उत्तर : जैसलमेरकडची वाळू वाऱ्याने आणून रचलेली आहे, आणि रणाची माती पाण्याने आणून बसवलेली आहे. रण म्हणजे गाळाने भरून आलेला समुद्राचा उथळ फाटा. बनास, रूपेण, सरस्वती या नद्या आजही पावसाळ्यात आपला गाळ छोट्या रणात ओततात, आणि त्याच वेळी पश्चिमेकडून सुरजबारीच्या खाडीने आखाताचे पाणी आत येते. आपण नराऱ्याला ज्या आखाताचा खडकाळ काठ पाहाल, त्याच आखाताचे हे वरचे टोक आहे. मोठ्या रणात भूकंपांनीही हात फिरवला आहे. 16 जून 1819 च्या भूकंपात जमीन वर उचलून अल्लाबंद नावाचा लांबलचक बांध तयार झाला आणि त्याच्या दक्षिणेकडचा सिंद्रीचा किल्ला पाण्यात गेला.

पाणी उतरले की मीठ राहते आणि त्या भेगाळलेल्या जमिनीत गवताची काडीही उगवत नाही. हिरवळ असते ती फक्त बेटांवर, म्हणजे आसपासच्या जमिनीहून थोड्या उंच असलेल्या उंचवट्यांवर. तरीही रणाला ओसाड म्हणणे आम्हाला पटत नाही. चार महिने साचणाऱ्या त्या कोमट, मचूळ पाण्यात कोळंबीची पिल्ले वाढतात आणि पाणी ओसरू लागले की आखाताकडे निघतात, तेव्हा मच्छीमार त्यांच्या वाटेवर जाळी लावून बसतात. पुढे त्याच जमिनीखालचे खारे पाणी उपसून अगरिया कुटुंबे उन्हाळ्यापर्यंत मीठ पिकवतात.

प्रश्न : रानगाढव, म्हणजे घुडखर, फक्त इथेच का उरले? (एक वाचिका, अलकापुरी)

उत्तर : पूर्वी ते सिंध, बलुचिस्तान आणि वायव्य भारतातही होते. शिकार, शेती आणि गुराढोरांची गर्दी यांनी बाकीच्या जागा गेल्या. रणात नांगर चालत नाही म्हणून ही जागा राहिली. तीही जवळजवळ गेलीच होती. सऱ्यासारख्या घोड्यांच्या रोगांच्या साथींनी त्यांची संख्या खालावली आणि 1969 च्या गणनेत अवघी 362 भरली. 1973 मध्ये अभयारण्य झाले, आणि 2020 ची गणना 6082 वर तर 2024 ची 7672 वर गेली. वाढलेले कळप आता रणाबाहेरच्या शेतांत रात्री उतरतात, आणि उभे पीक गमावणाऱ्या शेतकऱ्याकडून केवळ कौतुकाची अपेक्षा धरता येत नाही. पावसाळ्यात, साधारण 15 ऑक्टोबरपर्यंत, अभयारण्य बंद असते. थंडीत भल्या सकाळी बजाणा किंवा दसाड्याच्या बाजूने गेल्यास कळप दिसण्याची शक्यता चांगली असते, मात्र जीप त्यांच्यामागे पळवायला चालकाला सांगू नये. घुडखर जोरात पळू शकते, पण धापा टाकत पळणाऱ्या आईमागे शिंगरू टिकत नाही.