आजाराचं नाव ठरवण्याआधी त्रासाच्या तारखा लिही
अरे, छातीत धडधडलं की लगेच ‘मला डिप्रेशन आहे’ म्हणू नकोस. तो पॅनिक अटॅक, म्हणजे अचानक येणारा भीतीचा झटका, असू शकतो; तो दहाएक मिनिटांत टोकाला जातो नि मग ओसरतो. पहिल्या वेळी मात्र ईसीजी काढूनच घे. कसली ना कसली काळजी, आखडलेली मान, उडालेली झोप असं 6 महिने चाललं, तर तो चिंताविकार असू शकतो. नैराश्यात रडूच येतं असं नाही. मला तर गरम भजीसुद्धा बेचव लागायची, आंघोळ म्हणजे डोंगर वाटायचा. 2 आठवडे रोज असं असेल तर डॉक्टर गाठ. मधेच 4-5 दिवस झोपेविना भन्नाट उत्साह, उधळपट्टी झाली असेल तर तेही सांग. (हे आपण लपवतोच, ते दिवस छान वाटतात ना!) बायपोलर (कधी नैराश्य, कधी असा अति उत्साह) निघाला तर औषधंच बदलतात. थायरॉइडही तपासून घे, त्यानेही असं होऊ शकतं.