आकडा अडकला, आता कंपनी सही मागते

प्रश्न (मूळ पत्र संक्षिप्त करून) : दोन महिन्यांपूर्वी स्कूबा डायव्हिंग करताना, दिवसातल्या दुसऱ्या बुडीत, माझ्या डाइव्ह कॉम्प्युटरचा (मनगटावरचा खोली-वेळेचा मापक) खोलीचा आकडा 14.2 मीटरवर अडकला. माझा बडी (सोबतचा डायव्हर) वर येताना तीन मीटरवर थांबला, कारण त्याचा कॉम्प्युटर थांबायला सांगत होता. माझा सांगत नव्हता, म्हणून मी वर आलो. दोन तासांत खांदा दुखू लागला, बोटांना मुंग्या आल्या. डीकम्प्रेशन सिकनेसचं (शरीरात साठलेल्या नायट्रोजनचे वर येताना बुडबुडे होऊन होणारा आजार) निदान झालं, रिकम्प्रेशन चेंबरमध्ये, म्हणजे पुन्हा दाबाखाली ठेवणाऱ्या कक्षात, उपचार घ्यावे लागले. दोन बोटांचा बधिरपणा अजून आहे. कंपनी म्हणते, जुनं उपकरण तपासणीला पाठवा, नवीन देतो. पण ‘माझी आता कोणतीही तक्रार नाही’ अशा कागदावर सही करा. विक्रेता म्हणतो, कॉम्प्युटर वापरूनही हा आजार होऊ शकतो असं पुस्तिकेत छापलेलंच आहे, तुमचा दावा टिकणार नाही. आधी एकदा बॅटरी मी स्वतः बदलली होती. सोबत माझ्या लॉगचा, म्हणजे कॉम्प्युटरने साठवलेल्या नोंदींचा, आलेख जोडला आहे. काय करू?

उत्तर : सही करू नका, आणि उपकरण हातचं सोडू नका. बाकीचं सगळं सावकाश वाचलंत तरी चालेल.

तुमच्या प्रकरणात पाण्याखाली काय घडलं हे सांगणारा पहिला साक्षीदार तुमच्या मनगटावर होता. तो आता कंपनीच्या सेवा केंद्रात पाठवणं म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देणं. कंपनी लबाड आहे असं मला म्हणायचं नाही. सेवा केंद्रात आलेलं उपकरण उघडायचं, साफ करायचं, नवं सॉफ्टवेअर चढवायचं, नाहीतर सरळ मोडीत काढायचं, ही तिथली रोजची पद्धत असते. वाईट हेतू नसतानाही पुरावा नष्ट होतो, आणि मग ‘तपासणीत दोष आढळला नाही’ एवढं एका ओळीचं उत्तर तुमच्या हातात उरतं.

आता तुम्ही जोडलेला आलेख. मला स्वतःला बुडी मारता येत नाही, पण आलेख वाचता येतो. पहिली अकरा मिनिटं रेषा करवतीच्या दातांसारखी वरखाली होते. ते स्वाभाविक आहे. माणूस श्वास घेतो-सोडतो तसा पाण्यात थोडा वर-खाली होतच असतो. अकराव्या मिनिटाला रेषा 14.2 वर येते आणि पुढची 23 मिनिटं पट्टीने ओढल्यासारखी सरळ राहते. दर दहा सेकंदांनी एक नोंद, म्हणजे जवळजवळ 140 नोंदी, आणि सगळ्या दशांशासकट सारख्या. कितीही कसलेला डायव्हर असला तरी 23 मिनिटं दहा सेंटिमीटरसुद्धा न हलता राहू शकत नाही. त्याच वेळात पाण्याचं तापमान मात्र 28 वरून 25 अंशांवर उतरलेलं दिसतं. पाणी गार होत होतं, म्हणजे तुम्ही बहुधा खाली जात होतात. बडीचा कॉम्प्युटर तेव्हा 20 ते 22 मीटर दाखवत होता असं तुम्ही लिहिता, ते याच्याशी जुळतं.

मग एका नोंदीत 14.2 आणि लगेच पुढच्या नोंदीत 6.1. दहा सेकंदांत आठ मीटर, म्हणजे मिनिटाला सुमारे 48 मीटरचा वेग. वर येण्याची सुरक्षित मर्यादा सर्वसाधारणपणे मिनिटाला 9-10 मीटर धरतात. प्रतिपक्षाचा वकील हाच आकडा उचलून म्हणेल, “हा गृहस्थ बाणासारखा वर आला, आजार त्यानेच झाला.” तेव्हा एक लक्षात ठेवा, तुमचा लॉग तुमच्या बाजूने बोलतो तसा तुमच्या विरुद्धही बोलू शकतो. त्या उडीचा खुलासा करायला बडीचा लॉग लागेल. तोवर तुम्ही दोघं सोबत होतात आणि त्याच्या नोंदीत चढण संथ असेल, तर ती उडी तुमची नव्हे, अडकलेला सेन्सर सुटल्याची ठरते.

विक्रेत्याचा मुद्दा अर्धा खरा आहे, म्हणूनच तो फसवा आहे. डाइव्ह कॉम्प्युटर तुमच्या शरीरात डोकावत नाही. तो बाहेरचा दाब आणि वेळ मोजतो, आणि त्यावरून कल्पित ऊतींमध्ये किती नायट्रोजन साठला असेल याचं गणित करतो. ब्यूलमन या संशोधकाच्या प्रचलित पद्धतीत अशा 16 ऊती धरलेल्या असतात. प्रत्यक्ष माणूस त्या गणितात बसेलच असं नाही. सगळ्या मर्यादा पाळूनही डीकम्प्रेशन सिकनेस झाल्याची उदाहरणं आहेत. पुस्तिकेतला इशारा या गणिताबद्दल आहे, आणि तेवढ्यापुरता तो योग्यही आहे.

पण तुमची तक्रार गणिताबद्दल नाही, मोजमापाबद्दल आहे. गणिताला खोलीच चुकीची मिळाली. 21 मीटरवरच्या माणसाचा हिशोब 14 मीटरचा धरून झाला. फरक किती पडतो पाहा : हौशी डायव्हरांच्या एका प्रचलित तक्त्यात पहिल्या बुडीसाठी 14 मीटरला 98 मिनिटं न थांबता वर येता येतं, 22 मीटरला फक्त 37 मिनिटं. तुमची तर दुसरी बुडी होती, म्हणजे मुभा त्याहून कमी. ‘आमचं गणित अचूक असेलच असं नाही’ या इशाऱ्याच्या आडोशाला ‘आमचा मापक चालत नाही’ हे बसत नाही. युरोपात खोली आणि वेळ मोजणाऱ्या उपकरणांसाठी ईएन 13319 हे मानक आहे. त्यात डीकम्प्रेशनचं गणित मुद्दाम बाहेर ठेवलं आहे, पण खोलीचं मोजमाप आत आहे. तुमच्या उपकरणाच्या मागे किंवा पुस्तिकेत हा क्रमांक असेल तर त्या पानाचा फोटो काढून ठेवा. कंपनीने स्वतःच दिलेलं ते वचन आहे.

‘आमच्या उपकरणात असं कधी होत नाही’ हेही ऐकावं लागेल. याआधी काय काय झालं आहे त्याची नोंद आहे. उवाटेक या कंपनीचे 1995 च्या सुमाराचे अलादिन एअर एक्स नायट्रॉक्स (नायट्रॉक्स म्हणजे जास्त ऑक्सिजन असलेली हवा) डाइव्ह कॉम्प्युटर अमेरिकेत 2003 मध्ये परत मागवले गेले. दोन बुड्यांच्या मध्ये डायव्हर पाण्याबाहेर साधी हवा घेत असताना, तो अजून नायट्रॉक्सच घेतोय असं ते धरत होते; त्यामुळे नायट्रोजन निघून गेल्याचा हिशोब फाजील आशावादी यायचा. सुंटो या दुसऱ्या कंपनीच्या कॉम्प्युटरांतील दाबाच्या सेन्सरवरून कॅलिफोर्नियातल्या फेडरल न्यायालयात ग्राहकांचा सामूहिक दावा झाला आणि 2018 मध्ये तपासणी, दुरुस्ती, बदली यांवर समझोता झाला; कंपनीने चूक कबूल केली नाही. या दाखल्यांनी तुमच्या उपकरणातला दोष सिद्ध होत नाही, पण ‘अशक्य’ हा शब्द खोडता येतो.

कायदा कुठला लागेल, हे तुम्ही राहता कुठे आणि खरेदी कुठली यावर ठरेल. ते तुमच्या पत्रात नाही. सूत्र मात्र बहुतेक ठिकाणी सारखं आहे : उत्पादन सदोष होतं, इजा झाली आणि इजा त्या दोषामुळेच झाली. युरोपच्या 1985 च्या निर्देशात एवढं सिद्ध केलं की पुरे, निर्मात्याचा निष्काळजीपणा वेगळा दाखवावा लागत नाही. भारताच्या 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादन दायित्वाचं स्वतंत्र प्रकरण आहे. घडणीतला दोष, आराखड्यातला दोष, दिलेल्या हमीनुसार नसणं, अपुऱ्या सूचना, हे सगळं त्यात येतं. तक्रारदार राहतो तिथल्या ग्राहक आयोगातही तक्रार करता येते. मुदत मात्र दोन वर्षांची आहे, युरोपात तीन. कंपनीशी गोडीगुलाबीने ईमेल चालू आहेत म्हणून ही मुदत थांबत नाही. या भ्रमात राहून बुडालेली प्रकरणं प्रत्येक वकिलाकडे सापडतील.

आता तुमची दुखरी बाजू. ती मी लपवली तर सल्ल्याला अर्थ नाही.

बडीने आपली स्क्रीन तुमच्यासमोर धरली, तुम्ही हाताने ‘ठीक आहे’ची खूण केलीत आणि वर गेलात, असं तुम्हीच लिहिलं आहे. दोन कॉम्प्युटरांत फरक पडला तर जो जास्त सावध आकडा सांगतो त्याचं ऐकायचं, हे डायव्हिंगच्या पहिल्या धड्यांत शिकवतात. इथे तुमच्या बाजूने हयगय झाली असा ठपका येणार. त्याने दावा सहसा संपत नाही, पण भरपाई कमी होते. मनाची तयारी ठेवा.

बॅटरीचं एवढं मनावर घेऊ नका. भारतीय कायद्यात, वापरणाऱ्याने उपकरणात फेरफार केला असेल तर विक्रेत्याविरुद्धचा उत्पादन दायित्वाचा दावा अडतो, म्हणून विक्रेता या मुद्द्यावर जोर देणार. पण पुस्तिकेतच बॅटरी कशी बदलावी याची चित्रं असतील तर तो फेरफार नव्हे, नेहमीचा वापर झाला. ‘फक्त अधिकृत केंद्रातच बदला’ असं लिहिलं असेल तर गोष्ट वेगळी. झाकणाच्या ओ-रिंगमधून (पाणी अडवणाऱ्या रबरी कडीतून) पाणी आत गेलं होतं का, हे तज्ज्ञाला उघडल्यावर कळेल. उघडायचं ते त्यानेच, तुम्ही नव्हे.

दुसरा बचाव येईल तो मिठाचा. सेन्सरच्या बारीक छिद्रांत मीठ किंवा वाळू साचली, निगा राखली नाही, म्हणून आकडा अडकला. यावरचं उत्तर उपकरणाच्या आतच आहे, म्हणून आता ते धुऊ नका, व्हिनेगरमध्ये बुडवू नका, पुसूही नका. डायव्हरांना हे जड जातं, मला माहीत आहे. आहे तसं डब्यात ठेवा, डबा सील करा, सीलवर तारीख घाला आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. त्याआधी सेटिंगच्या प्रत्येक पानाचा फोटो काढा : हवा की नायट्रॉक्स, किती टक्के, सावधगिरीची पातळी, गोडं पाणी की खारं. यातलं शेवटचं सेटिंग चुकलेलं असलं तरी घाबरू नका. त्याने दिसणारी खोली जेमतेम तीन टक्क्यांनी बदलते, आणि गणित दाबावर चालतं, दिसणाऱ्या मीटरांवर नाही. नायट्रॉक्सची टक्केवारी मात्र सिलिंडरशी जुळली पाहिजे. त्या दिवशी सिलिंडरात साधी हवा होती आणि कॉम्प्युटर 32 टक्क्यांवर असेल, तर मला आधी कळवा, कारण मग सगळं प्रकरण वेगळं वळण घेतं. घड्याळाची वेळ फोनच्या वेळेशेजारी धरून एक फोटो घ्या. ॲपने ‘अपडेट उपलब्ध’ म्हटलं तर नको म्हणा. आणि त्याच्यासह पुन्हा पाण्यात उतरू नका. नव्या बुड्यांच्या नोंदी जुन्यांवर चढतात.

कारणाची साखळी डॉक्टरांच्या कागदाने जुळते. चेंबरमधल्या उपचारांची पूर्ण नोंद मागवा, नुसतं डिस्चार्ज कार्ड नको. पहिलं लक्षण किती वाजता जाणवलं, नंतर विमानप्रवास कधी केला, हे त्यात असायला हवं. बोटांच्या बधिरपणासाठी न्यूरॉलॉजिस्टची तपासणी आत्ताच करून घ्या. सहा महिन्यांनी केलीत तर बधिरपणा कशामुळे आला यावर वाद होईल.

कंपनीला लेखी उत्तर द्या, फोनवर बोलू नका. मजकूर साधारण असा : “उपकरण माझ्याकडे सुरक्षित व सीलबंद आहे. दोन्ही पक्षांना मान्य असलेल्या प्रयोगशाळेत, दोन्ही पक्षांच्या प्रतिनिधींसमोर, आधी न उघडता दाबाच्या पात्रात त्याची चाचणी करण्यास मी तयार आहे. बदली उपकरण दिल्यास ते माझे सर्व हक्क राखून स्वीकारीन.” यावर कंपनी काय उत्तर देते त्यातूनही बरंच कळतं. बोटीवर बसताना डायव्हिंग केंद्राची जबाबदारी झटकणाऱ्या ज्या कागदावर सही केलीत, त्याची प्रतही मला पाठवा. त्यात उपकरणाच्या निर्मात्याचं नाव घुसवलेलं आहे का, तेवढंच पाहायचं आहे.

हे सगळं करण्याआधी एक फोन. तुमचा बडी पुढच्या महिन्यात पुन्हा डायव्हिंगला जाणार आहे असं तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलंय. त्याच्याही कॉम्प्युटरची मेमरी मर्यादितच आहे. त्या दिवसाचा लॉग त्याच्याकडून आज रात्रीच उतरवून घ्या.